कोणता गळा घेऊ?

पत्र: मावशी, नमस्कार. मी मूळचा जळगावचा, वय 29. ऑगस्टपासून नोकरीसाठी ग्लासगोत आहे. आजवर स्वेटर म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडीवर बसताना चढवायची वस्तू. इथे रोज लागतो, म्हणून तीन घेतले. व्ही गळ्याचा घातला की शाळेच्या प्रार्थनेला उभा आहे असं वाटतं. हायनेकमध्ये मानच दिसेनाशी होते. गोल गळ्यातून शर्टाच्या कॉलरचं एक टोक आत राहतं, एक बाहेर येतं. आईनं विणलेला एक सोबत आणलाय, पण त्याचा गळा सैल पडून फाकलाय. ऑफिसातले लोक साधेच कपडे घालतात, तरी प्रत्येकाचा काही ढंग आहे. माझा नाही. इथल्या गणपतीत कुडता घातला, तेव्हा मात्र तिघाचौघांनी 'आज छान दिसतोयस' म्हटलं. रंगानं मी सावळा, मान आखूड, दाढी ठेवतो. कोणता गळा घेऊ? आणि आपली अशी स्टाइल तयार करता येते, की ती उपजतच असावी लागते?
म., ग्लासगो

प्रिय म.,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गळ्यांसाठी आणि दुसऱ्यांदा कुडत्याच्या त्या एका वाक्यासाठी. ते तू जाता जाता लिहिलंस, पण माझ्या मते तुझं उत्तर तिथेच आहे. त्याच्याकडे येतेच. आधी गळ्याबद्दल बोलू, कारण विणणारीच्या बाजूनं गळा कसा दिसतो हे तुला कुणी सांगितलं नसणार.

मला गळा कळला तो एका चुकीमुळे. 1981 च्या हिवाळ्यात धाकट्या भावाला दिल्लीत नोकरी लागली. मी पंधरा दिवस रात्री जागून त्याच्यासाठी राखाडी लोकरीचा गोल गळ्याचा स्वेटर विणला. पाठ झाली, पुढा झाला, बाह्या झाल्या, खांदे जोडले. गळा सगळ्यात शेवटी होतो. गळ्याभोवतीचे टाके सुईवर उचलायचे, एक सुलट एक उलट अशी इंचभर पट्टी घालायची आणि टाके मिटवायचे. तो निघायच्या दिवशी सकाळी मी ते मिटवले. त्यानं हात वर करून स्वेटर घातला आणि तो कपाळापाशी अडकला. पुढे जाईना. आईनं एकीकडून ओढलं, मी दुसरीकडून. शेवटची ओळ मी फार घट्ट मिटवली होती. बाकी स्वेटर अगदी मापात होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. भाऊ थंडीत जुनी शाल घेऊन गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी मी ती एकच ओळ उसवली, दोन नंबर जाड सुई घेऊन सैल हातानं मिटवली आणि स्वेटर पोस्टानं पाठवला.

तेव्हा डोक्यात बसलं ते आजवर गेलेलं नाही. पुरुषाच्या डोक्याचा घेर साधारण 57 सेंटीमीटर असतो आणि मानेचा 38 ते 40. गळ्यातून आधी डोकं जायला हवं आणि डोकं गेल्याबरोबर त्याच गळ्यानं आवळून मानेच्या बुडाशी बसायला हवं. स्वेटरचे जेवढे म्हणून गळे आहेत, ते सगळे ही अडचण सोडवण्याचे मार्ग आहेत. गोल गळा पट्टीच्या ताणावर काम भागवतो, कारण एक सुलट एक उलट विणलेलं कापड रबरासारखं ताणतं आणि परत येतं. व्ही गळा पुढून उघडाच राहतो, त्यामुळे त्याला ताणावं लागत नाही. हायनेकमध्ये तीच ताणणारी पट्टी वीतभर वाढवून दुमडलेली असते. कार्डिगन पुढून सरळ उभाच चिरलेला. त्याला हे नाव मिळालं ते क्रिमियाच्या युद्धात 1854 साली बालाक्लाव्हाला घोडदळाचा हल्ला नेणाऱ्या अर्ल ऑफ कार्डिगनवरून. फ्रेंच खलाशांच्या स्वेटरला एका खांद्यावर बटणं असतात. तशीच बटणं आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या स्वेटरलाही लावतात, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि मान धरलेली नसते. तुझ्या आईनं तुझ्यासाठी विणलेल्या पहिल्या स्वेटरलाही बहुधा ती असतील. विचार तिला.

हे एवढं सांगितलं, कारण गळा ही मुळात नक्षी नाही. तो कशासाठी तसा झाला हे कळलं की तो कशावर घालायचा हेही कळतं, आणि मग आरशासमोर गोंधळ होत नाही.

आता तुझे तीन स्वेटर. व्ही गळा आपल्या अंगावर शाळेनं चढवला. निळा किंवा मरून रंग, आत पांढरा शर्ट, कुठे कुठे टाय. शाळांनी तो घेतला कारण त्यात कॉलर आणि टायची गाठ दिसते. क्रिकेटचा स्वेटरही व्हीच. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघानं इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, त्या काळातल्या क्रिकेटपटूंचे फोटो बघ. दुधाळ रंगाचा स्वेटर, गळ्याच्या काठानं रंगीत पट्टे आणि वर शर्टाची कॉलर बाहेर. त्यातलं कुणी शाळकरी दिसत नाही. व्ही गळ्याला आत कॉलर लागते. तू तो टीशर्टवर घालत असणार असा माझा अंदाज आहे. मग त्या त्रिकोणात नुसता टीशर्ट दिसतो आणि आतला कपडा बाहेर आल्यासारखं वाटतं. आत फिक्या निळ्या नाहीतर बारीक चौकड्यांचा शर्ट घाल, वरचं एक बटण उघडं ठेव आणि पुन्हा बघ. आणि व्हीचं टोक कुठे थांबतं तेही बघ. ते काखांच्या रेषेच्या वरच थांबायला हवं. त्याखाली उतरलेला व्ही कोणाच्याच अंगावर बरा दिसत नाही, मग तो कितीही महाग असो. आणखी एक. आखूड मानेला व्ही चांगला. उघडी जागा खाली उतरते, तसा डोळाही खाली जातो आणि मान लांब वाटते. म्हणून तो फेकू नकोस, कपाटात राहू दे.

हायनेक मात्र कुणाला तरी देऊन टाक. मान आखूड आणि वर दाढी. म्हणजे हनुवटीखाली तीन बोटं जागा उरत असेल आणि त्यात दुहेरी पट्टी कोंबायची. शिवाय दाढी दिवसभर लोकरीवर घासते आणि महिन्याभरात तिथे बारीक गोळे धरतात. उंच, सडपातळ मानेच्या माणसाला हायनेक फार देखणा दिसतो. तुझा तो कपडा नाही, आणि यात तुझं काही कमी नाही.

गोल गळ्याची तक्रार स्वेटरची नाही, शर्टाची आहे. तुझ्या शर्टाची कॉलर पसरट असणार, टोकं खांद्याकडे जाणारी. ती गोल गळ्याखाली टिकत नाही, मान वळवली की उसळून वर येते. ज्या कॉलरच्या टोकांना छोटी बटणं असतात ती टिकते. किंवा मग आत कॉलरच नको. गोल गळ्याला इंग्रजीत क्रू नेक म्हणतात ते वल्हवणाऱ्या चमूंवरून. वल्ही मारताना छातीवर लोळणारं काही नको, गळ्याशी बसेल असं एकच वस्त्र हवं. ते अंगासरशी घालायचं वस्त्र होतं. कॉलर त्यात नंतर घुसली.

दुकानात गोल गळा पारखायचा तर दोन्ही अंगठे पट्टीत घालून ताण, सोड आणि पाच पर्यंत मोज. पट्टी होती तशी परत आली तर घे. लाटेसारखी वळवळत राहिली तर दोन धुण्यांत तुझ्या आईच्या स्वेटरसारखी फाकणार. गळ्याचा काठ गळपट्टीच्या हाडावर टेकला पाहिजे, त्याखाली नको आणि घशाला टोचेल इतका वरही नको. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर, बाही मनगटाच्या हाडावर. बाकी माप थोडं इकडे तिकडे चालतं, ही तीन ठिकाणं चालत नाहीत.

आता तो कुडता.

कुडत्याचा गळा डोळ्यांसमोर आण. मानेशी गोल, कॉलर नाही किंवा फक्त उभी बोटभर पट्टी, आणि मधोमध छातीपर्यंत उतरणारी बटणपट्टी. ती पट्टी कशासाठी? डोकं जावं म्हणून. माझ्या भावाच्या स्वेटरला जे जमलं नाही, ते आपल्या शिंप्यांनी एक उभी चीर देऊन केव्हाचं सोडवलेलं आहे. आणि तुझ्या मानेला ते का शोभतं तेही बघ. गोल गळा चेहऱ्याला आणि दाढीला खालून नीट चौकट देतो, उभी चीर मान लांब करते. व्हीचा फायदा मिळतो आणि शाळा मात्र आठवत नाही. त्या दिवशी लोकांनी तुला छान म्हटलं ते फक्त सणाचं कौतुक नव्हतं. तुला शोभणारा गळा तुझ्या अंगावर होता.

तोच गळा लोकरीत मिळतो. गोल गळा आणि खाली दोन-तीन बटणांची पट्टी, याला हेन्ली म्हणतात. टेम्सकाठच्या हेन्ली गावात वल्हवणाऱ्यांच्या शर्यती होतात, त्या गावावरून हे नाव पडलं. ऑफिससाठी बारीक विणीचा एक, सुट्टीसाठी थोडा जाड एक. आत उभ्या पट्टीच्या कॉलरचा शर्ट घातलास तरी जमेल. तो शर्ट म्हणजे आपला अर्धा कुडताच, आणि तिथे तो सहज मिळतो. त्याची टोकंच नाहीत, त्यामुळे आत राहणार की बाहेर येणार हा प्रश्नच संपला. पुढे मागे जरा जाड काही हवंसं वाटलं तर शालीसारख्या दुमडत्या कॉलरचा कार्डिगन घालून बघ. तोही पुढून उघडा, म्हणून तुला चालेल.

मला कळकळीनं सांगायचं आहे ते रंगाबद्दल. 'मी सावळा' हे तू आखूड मानेच्या शेजारी लिहिलंस, जणू तीही एक अडचणच. आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात की सावळ्यानं पिवळं घालू नये, फिक्कं घालू नये, गडदही घालू नये. मग राहतं काय? राखाडी आणि मातकट. तुझे तिन्ही स्वेटर त्याच रंगांचे असतील तर मला नवल वाटणार नाही. अरे, सावळ्या विठोबाला आपण पिवळा पीतांबर नेसवतो आणि डोळे भरून बघतो. सावळ्या अंगावर मोहरीच्या रंगाचा, बाटलीच्या हिरव्या रंगाचा, गर्द मरून स्वेटर जो उठून दिसतो, तो गोऱ्या अंगावर दिसत नाही. न रंगवलेल्या दुधाळ लोकरीचा तर विचारूच नकोस. ग्लासगोचं आभाळ हिवाळाभर राखाडीच असतं. त्यात तू राखाडी घालून हरवून जाऊ नकोस.

लोकर कोणती, हे थोडक्यात. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी होते. ती ऊब भरपूर देते, पण टोचते, कारण तिचा तंतू जाड. साधारण 30 मायक्रॉनच्या पुढे तंतू गेला की तो कातडीला टोचतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो मेंढीची लोकर 20 च्या आसपास किंवा त्याहून बारीक असते, म्हणून अंगासरशी घालता येते. तुला गळ्याशी, दाढीखाली मेरिनोच हवी. नुसता ॲक्रिलिक घेऊ नकोस. तिथली ऑफिसं आतून तापवलेली असतात. ॲक्रिलिकमध्ये घाम तुंबतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पैशांची चिंता असेल तर वेस्ट एंडला बायर्स रोडच्या बाजूला चॅरिटीची दुकानं आहेत, तिथे जाऊन बघ. स्कॉटलंडमध्ये हॉइकसारखं गाव 1771 पासून विणकामावर जगत आलेलं आहे, त्यामुळे जुने, अस्सल लोकरीचे स्वेटर अशा दुकानांत मिळून जातात. दुसऱ्याचा वापरलेला कपडा घालायचा का, असं मनात येईल. कोमट पाण्यात धू आणि घाल. चांगली लोकर एका माणसाच्या वापरानं संपत नाही.

आणि आता तुझा मोठा प्रश्न, स्टाइल उपजत असते का. नसते. मी इतकी वर्षं लोकांसाठी विणते आहे, मापं घेताना माणसं जवळून बघितली आहेत. ज्यांना आपण ढंगदार म्हणतो त्यांच्याकडे कपडे पुष्कळ असतात असं नाही, पण तेच तेच असतात. आमच्या शाळेत मराठी शिकवणारे एक सर होते. दरवर्षी दिवाळी झाली की पांढऱ्या शर्टावर हाताचा विणलेला बिनबाह्यांचा मरून स्वेटर, खिशाला शाईचं पेन. वीस वर्षं. त्यांनी कधी त्याला स्टाइल म्हटलं नसेल, पण आजही मरून हाफ स्वेटर दिसला की आमच्या वर्गातल्या कुणालाही सर आठवतात. त्यांनी दरवर्षी नवं काही शोधलं असतं तर आम्हाला काय आठवलं असतं?

म्हणून तू एक कर. तुझ्या ऑफिसातला तो एक सहकारी, ज्याचं तुला सगळ्यात जास्त आवडतं, त्याला दोन आठवडे नीट बघ आणि रोज संध्याकाळी लिहून ठेव. आज काय घातलं होतं, कोणत्या रंगाचं, गळा कसा. दोन आठवड्यांनी तुला दिसेल की तो चार-पाच गोष्टीच फिरवून फिरवून घालतो. त्याच्या गोष्टी उचलू नकोस, त्या त्याच्या मानेच्या आणि त्याच्या गावच्या आहेत. फक्त त्या किती कमी आहेत ते बघ. मग स्वतःची वही कर. ज्या दिवशी घरातून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत कपड्यांची आठवणच झाली नाही, त्या दिवशी काय घातलं होतं ते लिही. मला वाटतं ही कौतुकापेक्षा खरी खूण आहे. दिवसभर गळा ओढत, बाही सारखी करत बसलास तर तो कपडा तुझा नाही. हा एक हिवाळा हेन्ली गळ्याचे दोन आणि तुझा तो व्ही, एवढेच फिरव. चौथा घेऊ नकोस. कंटाळा येईल, येऊ दे. कंटाळ्यातच कळतं की कोणता स्वेटर आपण तरीही पुन्हा काढतो आहोत.

आता राहिला आईचा स्वेटर, ज्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. माझं अर्धं लक्ष तिथेच होतं. गळा शेवटी विणलेला असतो, म्हणून तो सगळ्यात आधी उसवताही येतो, आणि बाकी स्वेटरला धक्का लागत नाही. पट्टीचा शेवट कुठे लपवलाय ते शोध. बहुधा डाव्या खांद्याजवळ आतल्या बाजूला एक छोटी गाठ असेल. ती सोडवली की मिटवलेली ओळ सरसर सुटते. मग पट्टी एकेक ओळ उलगडत खाली यायची आणि उचललेले टाके सुईवर घ्यायचे. तिथे विणणाऱ्या बायका तुला भेटतील, लोकरीच्या दुकानात विचार. उचललेले टाके मोजून त्यातले दर दहातला एक कमी करायचा, आधीपेक्षा एक नंबर बारीक सुई घ्यायची आणि एक सुलट एक उलट अशा आठ ओळी. मिटवताना मात्र जाड सुई आणि सैल हात. पट्टी उलगडून निघालेली लोकर वळवळीत झालेली असेल. तिची लड करून कोमट पाण्यातून काढ आणि लटकवून वाळव, सरळ होते.

ती लोकर पुरली नाही किंवा फार झिजलेली निघाली, तर जळगावला फोन कर. विणणारी बाई उरलेली लोकर टाकत नाही. स्वेटर केल्यावर एखादी गुंडी जुन्या पिशवीत कपाटाच्या वरच्या फळीवर नक्की असते. आईला रंग सांग, ती हात घालून बरोबर तीच काढेल.

तुझी,
मावशी